पहिल्या रांगेतल्या दोघी

बरीच वर्षं मी हसण्याचे पैसे घेतले. असं सांगितलं की लोकांना वाटतं म्हातारी थट्टा करतेय. थट्टा करणारे वेगळे. ते वर उभे राहायचे, हातात माईक घेऊन. मी खाली बसायची, पहिल्या रांगेत, कॅमेऱ्याला नीट दिसेल अशी. त्यांना बोलण्याचे मिळायचे, मला हसण्याचे.

टीव्हीवर विनोदी कार्यक्रम चालू असतो तेव्हा मधेच प्रेक्षकांतली एखादी बाई दाखवतात. डोकं मागे टाकून हसते, पदरानं डोळे पुसते. घरी बसलेल्याला वाटतं, हिला एवढं हसू आलं म्हणजे विनोद चांगलाच असणार, आणि तोही हसतो. ती बाई तिकीट काढून आलेली नसते. तिला सकाळी बसमध्ये घालून आणलेलं असतं. आमच्या कामात तिला ऑडियन्स म्हणतात. एकटी असली तरी ऑडियन्स, शंभर असल्या तरी ऑडियन्स. जो आम्हाला गोळा करून नेतो तो सप्लायर. आमच्या सप्लायरचं नाव दिनकर. जोगेश्वरी पूर्वेला हायवेच्या कडेला त्याची बस उभी राहायची आणि तो दारात उभा राहून प्रत्येकीची साडी बघायचा. बारीक रेघांची साडी चालत नाही, कॅमेऱ्यात ती नाचल्यासारखी दिसते. पांढरी चालत नाही. काळी चालत नाही. चौकड्याची नेसून आलेल्या बाईला दिनकर परत पाठवायचा आणि ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत घरी जायची.

मला या कामाला वत्सलेनं लावलं. वत्सला आमच्या चाळीतली, माझ्या शेजारच्या खोलीतली. आमची चाळ लेण्यांच्या बाजूला होती. दोघींच्या खोल्यांसमोर एक उंबर. दोघींचे नवरे एकाच गिरणीत होते आणि गिरणी एकाच दिवशी बंद झाली. मग मी चार घरची लादी पुसायला लागले. पुढं गुडघे गेले. तेव्हा वत्सला म्हणाली की बसून करायचं एक काम आहे, येतेस का. ती मालवणकडची, मी राजापूरची. ती तिच्या बोलीत बोलायची, मी माझ्या भाषेत उत्तर द्यायची. आयुष्यभर तसंच चाललं, कोणाचं काही अडलं नाही.

बसून करायचं काम खरं, पण सोपं नाही. स्टुडिओत थंडी एवढी, की आम्ही साडीखाली नवऱ्याचे पायमोजे घालायचो. एका दिवसात दोन भाग काढायचे, म्हणून दोन साड्या न्यायच्या. दुपारी जेवल्यावर साडी बदलायची, जागा बदलायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटतं दुसऱ्या दिवशी दुसरी माणसं आली. वत्सला साड्या दोन आणायची, ब्लाउज एकच. हिरवा. म्हणायची दोन्हींवर चालतो. चालायचा नाही, पण तिला कोण सांगणार.

हसण्याचे प्रकार असतात. छोटं हसू, मोठं हसू, आणि लाजून हसू. वरचा माणूस काही वावगं बोलला की लगेच आमच्यासारख्या म्हाताऱ्या दाखवतात, तोंडाला पदर लावलेल्या. त्याला मागणी फार. मला लाजायला जमायचं नाही. दिनकर म्हणायचा, "इंदूताई, लाजा हो जरा." मी म्हणायची की मी कशाला लाजू, बोलला तो. शेवटी लाजायचं काम दुसरीकडे गेलं आणि माझ्याकडे मोठं हसू राहिलं. सतत हसून घसा कोरडा पडतो. त्याला वत्सलेचा उपाय खडीसाखर. रुमालाच्या गाठीत बांधून आणायची. कॅमेरा दुसरीकडे वळला की एक खडा माझ्या हातात सरकवायची.

आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे आमचं अर्धं हसू विनोद सुरू व्हायच्या आधी काढून ठेवलेलं असतं. स्टेजवर नुसता माईक उभा. माणूस कोणी नाही. दिग्दर्शकाचा असिस्टंट पुढं येऊन सांगतो, समजा वर कोणीतरी फार मजेशीर बोलतोय, आता मोठ्यानं हसा. आम्ही रिकाम्या जागेकडे बघून हसायचो. मग ते तुकडे कापून हव्या त्या विनोदाखाली लावायचे. मागं अंधार असतो, त्यामुळे कुठंही बसतात.

असंच एकदा चाललं होतं. कार्यक्रमातला नट उशिरा येणार होता म्हणून सकाळपासून आम्हाला रिकाम्या स्टेजपुढं हसवत होते. माझे गाल दुखायला लागले होते. वत्सला माझ्या डाव्या हाताला. ती बराच वेळ त्या माईककडे अगदी लक्ष देऊन बघत होती, कीर्तनाला बसल्यासारखी. मग माझ्या कानाशी आली आणि गंभीरपणे म्हणाली, "आज पयल्यांदाच बरा बोलता गो ह्यो."

मी जी हसले ती थांबेना, आणि मग तीही. डोकं मागं गेलं, डोळ्यांतून पाणी आलं, कवळी सांभाळायला हात लावावा लागला. कॅमेरावाला कॅमेरा घेऊन माझ्या अंगावर आला. असिस्टंट ओरडत होता, वा मावशी, असंच, असंच. त्या हसण्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. पण पुढं तो तुकडा किती विनोदांखाली लावला त्याला गणती नाही. दिनकर म्हणायचा, "इंदूताई, तुमचं ते हसू अजून चालतंय."

त्या दिवसांतले विनोद मला आठवत नाहीत. एकही नाही. आठवते ती बस. आरेच्या रस्त्यानं जाताना खिडकीतून येणारा गवताचा वास, बायकांची भांडणं, पुढची जागा अडवायला ठेवलेल्या पिशव्या, आणि परत येताना सगळ्या गप्प. दिवसभर हसून आलेल्या बायकांची बस इतकी गप्प असते की ड्रायव्हर रेडिओ लावायचा.

पुढं टीव्हीचं काम कमी झालं आणि ही नवीन पोरं आली. एकटाच उभा राहतो, नाटक नाही, पोशाख नाही, घरातल्याच टी-शर्टवर तासभर बोलतो. अंधेरी पश्चिमेला एका गोदामाचा हॉल केला होता, तिथं त्यांचे कार्यक्रम चालत. त्यांना लोक तिकीट काढून येतात, त्यामुळे आमची गरज फारशी नव्हती. पण व्हिडिओ काढायचा असेल आणि खुर्च्या रिकाम्या असतील तर दिनकरला फोन यायचा. तरुण पोरांच्या गर्दीत दोन म्हाताऱ्या हसताना दिसल्या की बरं दिसतं म्हणे.

ही पोरं आपल्या मनातलं काही बोलत नाहीत. गावात जे भांडण पेटलं असेल ते घेतात. कोणी मंत्री काही बोलला, कोणी नटी कुठं पडली, कोणाचं लग्न मोडलं, कोणत्या सोसायटीत कुत्र्यावरून मारामारी झाली. हॉलच्या मागं चहाची टपरी होती, तिथं आम्ही बसायचो आणि ती पोरं फोन काढून उभी असायची. एक विचारायचा, विमानात भांडली ती बाई कोणी घेतली. दुसरा म्हणायचा मी घेतली यार, कालच घेतली. मग पहिला म्हणायचा, ठीक आहे, मला तो लग्नात नाचलेला साहेब दे. वत्सला चहाचा ग्लास हातात धरून ऐकत राहायची. म्हणाली, "ह्यो तर मासळीबाजार गो."

खरंच तसंच होतं. ताजा वाद असेल तर नुसता तळून वाढायचा, मीठमसाला लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं कालवण. तिसऱ्या दिवशी आंबट-तिखट घालून वास झाकायचा. त्यानंतर मांजर हुंगत नाही. म्हणून त्यांची घाई.

त्या पोरांत नील होता. बोरिवलीचा, चांगल्या घरचा, आईवडील दोघं नोकरीवाले. बाकीची पोरं आम्हाला खुर्च्यांसारखीच बघायची, हा येऊन पाया पडायचा. कार्यक्रम झाला की विचारायचा, "मावशी, खरं सांग, हसू आलं का?" मी सांगायची. बहुतेक वेळा नाही म्हणायची. तो मान हलवायचा आणि तोच विनोद पुन्हा करायचा.

एकदा मिरवणुकीच्या भोंग्यांवर काहीतरी बोलला. माणसं चिडली, हॉलबाहेर जमली, हॉलवाल्यानं शटर ओढलं. नीलनं हात जोडून माफी मागतानाचा व्हिडिओ टाकला. पोरगा काळाठिक्कर पडला होता. वत्सलेनं त्याच्यासाठी शेव-गुळाचे खटखटे लाडू केले, टपरीवर आपल्या हातानं भरवले. पुढं महिन्या-दोन महिन्यांत त्यानं नवा कार्यक्रम काढला, सगळा त्या माफीवर. हात कसे जोडले, आवाज कसा कापला, वकिलानं कोणता शर्ट घालायला सांगितला. आधी मला करून दाखवला. मी म्हटलं की हात जोडण्यात हसण्यासारखं काय आहे, हे चालणार नाही. तो इतका चालला की त्याच्या तिकिटासाठी माणसं भांडायला लागली. तेव्हा माझं मत काही शेवटचं नाही, हे इथं सांगून ठेवते. नील मला म्हणाला होता, "माफी मागताना मी खरंच रडत होतो, मावशी. पण एका डोळ्यानं बघत होतो, किती लोक बघतायत." हे मला प्रामाणिक वाटलं.

याच सुमारास आमची चाळ पडली. बिल्डरनं दोन इमारती बांधल्या. एक आमच्यासाठी, अंग चोरून उभी, आणि एक विकायची, आकाशात गेलेली. मधे बाग. बाग त्यांची. आमच्या बाजूला जाळीचं दार, त्याला त्यांचं कुलूप. जुन्यातलं फक्त ते उंबराचं झाड राहिलं, कारण ते तोडायला मजूर तयार होईनात. बिल्डरनं त्याच्याखाली बाकडं टाकलं.

म्हणजे बाकडं आमच्या खोल्यांवरच टाकलं. एक टोक वत्सलेच्या घरात, दुसरं माझ्या. मला त्या जागेची हौस नव्हती. पावसात तिथं गुडघाभर पाणी भरायचं आणि उंदीर पाटावर येऊन बसायचे. वत्सलेचं तसं नव्हतं. तिचा नवरा त्या खोलीत गेला, दोन पोरं तिथं झाली. ती रस्त्यानं वळसा घालून, मोठ्या इमारतीच्या फाटकातून आत जायची आणि संध्याकाळी बाकड्यावर जाऊन बसायची. वॉचमन आमच्याच वस्तीतला, तो बघून न बघितल्यासारखं करायचा.

एक दिवस मोठ्या इमारतीतल्या एका बाईनं तिला उठायला सांगितलं. हिंदीत. वत्सला उठली नाही. त्या बाईनं फोन काढून शूटिंग सुरू केलं आणि पुन्हा विचारलं, आप यहाँ कैसे बैठी हैं. वत्सलेनं फोनकडे बघून, आवाज वर नाही की खाली नाही, सांगितलं, "मैं अपने घर में बैठी है."

दुसऱ्या दिवशी ते वाक्य सगळीकडे. टीव्हीवाले आले. एका पक्षानं शाल घातली, दुसऱ्या पक्षाचा माणूस बाकड्यावर तिच्या शेजारी बसून फोटो काढून गेला. मोठ्या इमारतीवाले म्हणाले हा सुरक्षेचा प्रश्न आहे. वत्सला दुसऱ्या दिवशी चांगली साडी नेसून बसली, तोच हिरवा ब्लाउज. तिला कॅमेरा नवा नव्हता. पण खोटं काही नव्हतं त्यात. आणि काम होत आलं होतं. मोठ्या इमारतीच्या सोसायटीनं मीटिंग घेऊन जाळीचं दार संध्याकाळपुरतं उघडायचं कबूल केलं. नुसतं कुलूप काढायचं राहिलं होतं.

मग नीलचा व्हिडिओ आला.

सुरुवातीला तो म्हणतो की आता प्रत्येकाची आजी कुठं ना कुठं जाऊन बसणार. एक विमानतळाच्या धावपट्टीवर पाट मांडून बसलीय. वरून पायलट विचारतो, मावशी, उतरू का? मावशी म्हणते, चप्पल काढून उतर, मैं अपने घर में बैठी है. विनोद चांगला होता. मला हसू आलं. तिथं थांबला असता तर वत्सलाही हसली असती.

तो थांबला नाही. पुढं म्हणतो, मी ओळखतो या मावशीला. माझ्या शोला येते, पैसे घेऊन हसते. आता बसायचे कोणाकडून घेतलेत, तेवढं विचारायला पाहिजे.

आणि त्याखाली मी. डोकं मागं टाकून हसणारी, डोळ्यांतून पाणी, कवळीला हात. ज्या कंपनीनं ते हसू टिपलं होतं, तीच कंपनी नीलचे व्हिडिओ काढायची.

मी त्या कार्यक्रमाला गेलेच नव्हते. पण कोणाला सांगणार? सगळ्या इमारतीनं फोनवर मला हसताना पाहिलं. लिफ्टमध्ये बायका माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायला लागल्या. एकीनं तोंडावर विचारलं की मैत्रिणीवर हसायचे जास्त मिळतात का. मोठ्या इमारतीवाल्यांनी मीटिंगमध्ये तो व्हिडिओ दाखवला म्हणे. भाड्यानं आणलेली बाई आहे, हे सगळं नाटक आहे, म्हणाले. कुलूप राहिलं ते राहिलं.

वत्सलेचं दार माझ्या दारासमोर. चाळीची सवय, दिवसभर उघडं असायचं. ते बंद झालं. मी दोनदा बेल वाजवली. सून बाहेर आली आणि म्हणाली, आई झोपल्यात. भर सकाळी. मी परत गेले नाही. माझं काही चुकलं नव्हतं, आणि ज्याचं चुकलं नाही त्यानं किती वेळा बेल वाजवायची? पण दिनकरच्या बसमध्ये माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी राहायला लागली. तिथं मी माझी पिशवी ठेवायची.

नीलला मात्र गाठलं. टपरीवर. तो पाया पडायला वाकला, मी पाय मागं घेतले.

"मावशी, मी खोटं काय बोललो?" त्यानं विचारलं.

"खोटं बोलला असतास तर आले नसते. चार शिव्या घरूनच दिल्या असत्या."

तो म्हणाला की विषय सगळेच घेत होते. त्यानं सोडला असता तर दुसऱ्यानं घेतला असता, त्याहून वाईट केला असता. तो निदान तिला ओळखत तरी होता.

"म्हणूनच तू घ्यायचा नव्हतास," मी म्हटलं. "तिच्या हातचे लाडू खाल्लेस तू."

तो बराच वेळ चपलेनं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला की व्हिडिओ कंपनीचा आहे, लोक बघतायत, आता काढता येणार नाही. आठवड्यात सगळे विसरतील. तेही खरंच होतं. आठवड्यात सगळी मुंबई विसरली. फक्त आमच्या मजल्यावर कोणी विसरलं नाही.

पाऊस सगळा तसा गेला. गणपती गेले. वत्सलेच्या घरची आरती मी दारामागून ऐकली. तिच्या घरचे मोदक आले, पण सुनेच्या हातून.

दिवाळीच्या आधी एका मोठ्या कार्यक्रमाचं शूटिंग होतं. सकाळी मी बसमध्ये बसले होते. दिनकर दारात कोणाच्या तरी साडीवरून वाद घालत होता. वत्सला वर चढली. सरळ माझ्यापाशी आली, माझी पिशवी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि आपल्या जागेवर बसली. बसमधल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. बस आरेच्या रस्त्याला लागली. मग तिनं रुमालाची गाठ सोडली, खडीसाखरेचा खडा माझ्या हातात ठेवला, आणि पिशवीतून सुनेचा फोन काढला. तो व्हिडिओ लावला. मी दिसायला लागले तिथं तिनं बोटानं थांबवला.

चौकटीच्या कडेला, माझ्या डाव्या बाजूला, एक खांदा होता. हिरव्या ब्लाउजचा. मी तो व्हिडिओ कितीदा बघितला होता, पण स्वतःच्याच तोंडाकडे बघितलं होतं.

"ह्यो खांदो माझो," वत्सला म्हणाली.

 मी विचारलं, तुला कधी कळलं. म्हणाली, पहिल्याच दिवशी. "तसा तू एकदाच हसलंस. बाकीचा सगळा दिनकराचा."

"मग दार का लावलंस?"

ती खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "तुझ्यावर राग नाय. मी आपली आठवीत होतंय, आपण कोणाकोणाक हसलव ता." मग तिनं नावं घ्यायला सुरुवात केली. ती स्टेजवरून पडलेली नटी. ज्याचा मुलगा पळून गेला तो पुढारी. ती विमानातली बाई. ज्या बाईच्या नवऱ्याचं पत्र पेपरात छापून आलं ती. मला अर्धे आठवतही नव्हते. "त्यांच्या पण घरात कोणतरी दार लावन बसला असतला."

"ते काम होतं आपलं," मी म्हटलं.

"त्याचा पण ता कामच होता गो."

  स्टुडिओ आला, आम्ही उतरलो, पायमोजे चढवले आणि दिवसभर हसलो. चांगलं हसलो. वरचा माणूस कोणाच्या तरी घटस्फोटावर बोलत होता. मी एकदा वत्सलेकडे बघितलं. ती हसत होती, व्यवस्थित, असिस्टंटनं सांगितलं तसं. परत येताना बस नेहमीसारखी गप्प होती आणि आम्हीही. पण पिशवी माझ्या मांडीवर होती.

त्यानंतर आम्ही दोघींनी मिळून फार कामं केली नाहीत. कामच राहिलं नाही. आता हसू संगणकात साठवलेलं असतं म्हणे, माणूस लागत नाही. दिनकरनं बस विकली. बाकडं मोठ्या इमारतीवाल्यांनी उचललं आणि तिथं कुंड्या मांडल्या. वत्सला संध्याकाळी आमच्या बाजूनं जाळीपाशी जाऊन उभी राहायची. कधी कधी मीही जायची. ती बोट दाखवून सांगायची, ती लाल फुलांची कुंडी आहे ना, तिथं तुझी मोरी. मी म्हणायची, बरं झालं, त्या मोरीचा वास कधी गेला नाही.

गेल्या वर्षी वत्सला गेली. झोपेत गेली, कोणाला त्रास दिला नाही. मुलानं भिंतीवर फोटो लावलाय तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलाय. तोंड मिटलेलं, डोळे वटारलेले. जिनं सगळ्या महाराष्ट्राला हसून दाखवलं तिचा हसतानाचा एक फोटो घरात नाही.

या वर्षी पाडव्यानंतर नील आला. पत्ता शोधत, वर चढून, घामाघूम. आता नाव झालंय त्याचं, पण तोंड उतरलं होतं. त्याचं लग्न मोडलं, भांडण बाहेर पडलं, सगळ्यांच्या फोनवर गेलं. खुर्चीत बसून म्हणाला, "टपरीवर माझी वाटणी झाली, मावशी. एकानं बायको घेतली, एकानं आई घेतली."

"ऐकलं," मी म्हटलं. "नातवानं दाखवलं."

"हसू आलं तुला?"

"आईवरचं आलं. बायकोवरचं नाही."

तो थोडं हसला. मग म्हणाला की जुने व्हिडिओ आता त्याच्या ताब्यात आलेत आणि तो ते साफ करतोय. समोरच्या बंद दाराकडे बघितलं त्यानं. वत्सलामावशीवरचा सगळ्यांत आधी काढून टाकणार आहे, तेवढं मला सांगायला आलो, म्हणाला. तेव्हाच काढायला हवा होता, तू आली होतीस तेव्हा.

"काढू नकोस," मी म्हटलं.

त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मी फडताळातून फोन आणला, सुनेनं वापरून मला दिलेला, आणि तो व्हिडिओ लावला. माझं तोंड आलं तिथं थांबवला. आणि वत्सलेनं मला दाखवलं होतं तसं बोटानं दाखवलं.

"हा खांदा कोणाचा?"

तो वाकून बघत राहिला. स्वतःचा व्हिडिओ, कितीदा बघितला असेल, विकला असेल. मग त्याच्या लक्षात आलं.  आमच्या दोघींचं एकत्र हसतानाचं एवढंच आहे, दुसरं काही नाही, असं मी त्याला सांगितलं.

"पण मावशी, त्याच्यावर माझा जोक आहे."

"तो मी ऐकत नाही," मी म्हटलं. "आवाज बंद करते."

तो गेला. व्हिडिओ अजून आहे. दुपारी जेवण झालं, भांडी आवरली, की मी फोन घेऊन खिडकीत बसते आणि आधी आवाज बंद करते. नील वर उभा राहून तोंड हलवतो, हात उडवतो, काही ऐकू येत नाही. मग मी येते. आणि माझ्या डाव्या हाताला तो हिरवा खांदा, हसून हसून हलणारा.

बरा बोलतो तेव्हा नील.